बुलेट क्लस्टर : दीर्घिकासमूहांची टक्कर आणि क्ष-किरण निरीक्षणे

दीर्घिकासमूहातील सामान्य द्रव्याचा मोठा भाग दीर्घिकांत नसून त्यांच्या दरम्यानच्या, कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूत असतो. या वायूतून क्ष-किरण बाहेर पडतात. मात्र पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेत असल्याने निरीक्षण अवकाशातूनच करावे लागते. १९९९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘चंद्रा’ वेधशाळेच्या प्रतिमांत बुलेट क्लस्टर या समूहातील वायूचा गोळीसारखा पुंज व त्यापुढील धनुष्याकृती आघाततरंग स्पष्ट दिसला. तरंगाच्या सीमेवर वायूची घनता एकदम सुमारे तिप्पट होते. त्यावरून माख अंक ३ च्या आसपास व वेग सेकंदाला सुमारे ४,७०० किलोमीटर येतो.

२००६ मध्ये गुरुत्वीय भिंगाच्या साहाय्याने वस्तुमानाचा नकाशा तयार झाला. वायू टकरीत रेंगाळला होता. बहुतांश वस्तुमान मात्र दीर्घिकांसोबत पुढे निघून गेलेले आढळले. कृष्णद्रव्याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

एवढा प्रचंड वेग प्रचलित विश्वरचनाशास्त्रात बसेल का, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. परंतु मोजलेला वेग तरंगाचा आहे, गोळीचा नव्हे. समोरचा वायू गुरुत्वाकर्षणामुळे स्वतःच गोळीकडे ओढला जात असतो. हे लक्षात घेणाऱ्या, २००७ मधील संगणकीय प्रतिरूपणात गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २,७०० किलोमीटर इतकाच निघाला.