विश्लेषण : वारीच्या टेम्पोपासून भीमजयंतीच्या मिरवणुकीपर्यंत... तीन पिढ्यांची ‘शिंदेशाही’ कशी टिकली?

आषाढीच्या तोंडावर नांदेड-लातूरकडून पंढरपूरला निघालेल्या दिंडीमागच्या टेम्पोत प्रल्हाद शिंदे यांचा आवाज हमखास असतो. नवरात्रात लातूरच्या गंजगोलाईतील जगदंबेच्या देवळाभोवती आणि कोजागरीच्या आधी तुळजापूरची वाट पायी धरणाऱ्या जथ्यांतही तोच आवाज. गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळापुढे पुन्हा तोच. आणि १४ एप्रिलला नांदेडच्या रस्त्यांवर भीमजयंतीची मिरवणूक निघते, तेव्हा त्याच घरातले आनंद, मिलिंद आणि आदर्श शिंदे स्पीकरवर असतात. एका घराने जवळपास सगळे सणवार व्यापले आहेत. हे घडले कसे, आणि मराठवाड्यात या गोष्टीला वेगळे वजन का आहे?

‘शिंदेशाही’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द पूर्वी पगडीसाठी आणि हातातल्या तोड्यांसाठी वापरला जाई. गाण्याच्या दुनियेत तो प्रल्हाद शिंदे यांच्या घराला चिकटला. ही कुठे नोंदवलेली संस्था वा कलापथक नाही. वडील प्रल्हाद, त्यांची मुले आनंद, मिलिंद आणि दिनकर, पुढे आनंद यांची मुले हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श, असा हा गोतावळा. (हिंदी चित्रपटांचे संगीतकार आनंद-मिलिंद वेगळे, ते संगीतकार चित्रगुप्त यांचे पुत्र. हा गोंधळ अजूनही होतो.) घराण्यातले कुणी एकट्याने गाते, कुणी जोडीने. पण गळ्याची ठेवण अशी, की दोन ओळी ऐकताच श्रोता म्हणतो, ‘शिंदेच आहेत.’

सुरुवात कुठून झाली?

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचा. आई-वडील भजन-कीर्तन करणारे. मंगळवेढा हे नाव इथे नुसता जन्मगाव म्हणून सोडून देता येत नाही. गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले, ते याच गावात. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे मंदिराबाहेर.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा प्रल्हाद शिंदे साधारण चौदा वर्षांचे होते. पंढरीच्या वाटेवरचे आज सर्वाधिक वाजणारे ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गीत ज्याने गायले, त्याच्या समाजाला त्याच्या लहानपणी त्या वाटेच्या टोकाचा दरवाजा बंद होता. गाणे ऐकताना हे कुणाच्या मनात येत नाही. येण्याचे कारणही नाही. पण या घराची कहाणी सांगताना हे वगळले, तर उरते ती फक्त हिट गाण्यांची यादी.

हा आवाज असा का?

‘पहाडी आवाज’ हे विशेषण प्रल्हाद शिंदे यांच्यासाठी इतक्या वेळा वापरले गेले की ते झिजून गेले. त्यामागे साधे व्यावहारिक कारण होते. भजन, कव्वाली आणि जलसा हे तिन्ही प्रकार उघड्या मैदानावर, रात्रभर चालणारे. कर्णा बेभरवशाचा, समोर गर्दी, शेजारी ढोलकी. अशा ठिकाणी कुजबुजत्या भावगीताच्या गळ्याचा निभाव लागत नाही. सूर वरच्या पट्टीत लावायचा, शब्द फोडून म्हणायचा, कोरसने तो उचलून धरायचा आणि शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवायचा, ही त्या मैदानाची गरज.

कव्वालीचा वाटा यात मोठा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या वस्त्यांमधून भीम-बुद्ध कव्वालीचे सामने रंगत. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने जवाब द्यायचा. नांदेड-लातूरचा श्रोता या ढंगाला नवखा नव्हता. निजामाच्या राजवटीतून आलेल्या या भागात उरुसातली कव्वाली, खंडोबाचे जागरण आणि देवीचा गोंधळ शेजारी शेजारी नांदत होते. प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यात या साऱ्यांचे अंश सापडतात, म्हणून ते इथे कधी परके वाटले नाहीत.

एकाच गळ्यात विठ्ठल आणि भीम कसे?

हा प्रश्न या घराला दोन्हीकडून विचारला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. मग आंबेडकरी घरातल्या गायकाने सत्यनारायणाची कथा आणि अंबाबाईचा उदो गावा का? दुसऱ्या बाजूला, देवाची गाणी आवडीने ऐकणाऱ्या अनेकांना याच गळ्यातली भीमगीते मात्र ‘त्यांची गाणी’ वाटत राहिली.

याचे सरळ उत्तर पोटाशी जोडलेले आहे. रेकॉर्ड कंपन्यांना भक्तिगीतांची हमखास बाजारपेठ दिसत होती. भीमगीतांची बाजारपेठ मोठी असली तरी ती तशी मोजली जात नव्हती. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. गणेशोत्सवात घरोघरी लागणारे ‘तूच सुखकर्ता’ हे गीत लिहिले हरेंद्र जाधव यांनी, जे आंबेडकरी चळवळीचे नावाजलेले गीतकार. संगीत मधुकर पाठक यांचे आणि आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. ज्यांना देवळाबाहेर ठेवले गेले, त्यांच्याच लेखणीने आणि गळ्याने देवळातल्या उत्सवाचा आवाज घडवला. याला व्यवसाय म्हणा, कीर्तनकार आई-वडिलांचा वारसा म्हणा किंवा शांतपणे बजावलेला हक्क म्हणा. तिन्हींत तथ्य आहे.

मराठवाड्यात याला वेगळे वजन का?

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची ४ ऑगस्ट १९७८ रोजी हत्या झाली. नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि लातूर, परभणीची महाविद्यालयेही त्याच्याकडे आली.

त्या सोळा वर्षांत भीमगीत हे करमणुकीपुरते राहिले नव्हते. वामनदादा कर्डक यांच्यासारखे लोककवी गावोगाव हिंडत होते. सभेआधी गाणे, सभेनंतर गाणे. शिंदे घराण्याची वाट वामनदादांहून वेगळी. ते कॅसेटवर होते, बाजारात होते. पण वस्तीतल्या टेपरेकॉर्डरवर दोघेही एकाच दुपारी ऐकू येत. योगायोग असा, की वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला. दीड महिन्याच्या आत दोन आवाज थांबले.

गाण्याने जात गेली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्या गावात देवळाच्या भोंग्यावर प्रल्हाद शिंदे लागत, त्याच गावात भीमजयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची यावर वाद होत, आणि कधी कधी अजूनही होतात.

अमेरिकेच्या स्टेपल सिंगर्सशी तुलना कशासाठी?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतात दशकानुदशके टिकलेले गायकसमूह बरेच आहेत. डेट्रॉइटच्या ‘फोर टॉप्स’मधले चार मित्र १९५० च्या दशकात एकत्र आले आणि १९९७ मध्ये एकाचा मृत्यू होईपर्यंत चौघे तेच राहिले. पण शिंदेशाहीशी अधिक जवळचे नाते ‘स्टेपल सिंगर्स’चे आहे, कारण तेही एक घर होते. वडील रोबक ऊर्फ ‘पॉप्स’ स्टेपल्स १९१४ साली मिसिसिपीत जन्मले, कापसाच्या मळ्यावर वाढले आणि पुढे शिकागोत आले. १९४८ पासून ते मुलांना घेऊन चर्चमध्ये गाऊ लागले.

साठच्या दशकात या कुटुंबाने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्क चळवळीसाठी गायले. पुढे ‘स्टॅक्स’ या कंपनीसाठी त्यांनी केलेले गाणे १९७२ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चर्चचे गाणे बाजारात नेले म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. भक्ती, चळवळ आणि बाजार ही तीन टोके एका घराने सांभाळायची, आणि प्रत्येक टोकाकडून ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ हा प्रश्न ऐकायचा, हे मंगळवेढ्याच्या घराला अनोळखी नाही.

फरक आहे तो नोंदीचा. स्टेपल्स कुटुंबाला १९९९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले आणि स्टॅक्सच्या जागेवर मेम्फिसमध्ये संग्रहालय उभे राहिले. आपल्याकडे कोणत्या कॅसेटवर कोणत्या साली कोणते गाणे आले, ढोलकी कुणाची, कोरसमध्ये कोण, हे शोधायला यूट्यूबवरच्या अर्धवट माहितीच्या व्हिडीओंखेरीज फारसे काही हाती लागत नाही. गायकाचे नाव मोठ्या अक्षरात असते. गीतकाराचे अनेकदा नसतेच.

कॅसेटने काय बदलले?

पुष्कळ काही. रेकॉर्ड महाग होती आणि ती काढायची की नाही, हे शहरातल्या मोजक्या कंपन्या ठरवत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ती एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोहोचली. आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे याच लाटेवर महाराष्ट्रभर गेले. वडिलांच्या भक्तिगीतांशेजारी मुलाचे चावट लोकगीत. अनेकांनी नाके मुरडली, पण लग्नाच्या वरातीत ते वाजले नाही अशी गल्ली मिळणे कठीण होते. वडिलांच्या सावलीतून बाहेर पडायला आनंद यांना असेच काहीतरी हवे होते.

पुढचे वळण चित्रपटाचे. अजय-अतुल यांच्या संगीतातले ‘जत्रा’ चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ हे गीत आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायले. तीच चाल २०१२ मध्ये हिंदी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली. देशभर नाचलेल्यांपैकी किती जणांना मूळ गळा माहीत होता, हा वेगळा प्रश्न.

तिसऱ्या पिढीने काय वेगळे केले?

आदर्श शिंदे यांनी घराण्याचा गळा स्टुडिओच्या मायक्रोफोनला सरावला. २०१३ च्या ‘दुनियादारी’तले ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ हे त्याचे ठळक उदाहरण. देवाला जाब विचारणारे ते प्रेमभंगाचे गाणे आहे. आवाजात आजोबांचा जोर आहे, पण तो आवरून धरलेला. उत्कर्ष शिंदे पेशाने डॉक्टर, शिवाय गायक आणि गीतकार. बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या शीर्षकगीतातून हा आवाज रोज रात्री सगळ्यांच्या दिवाणखान्यात गेला. ज्या घरांत भीमगीत कधी लागले नव्हते, त्या घरांतही.

गाणी वाजतात, पैसे कुणाला मिळतात?

कॅसेटच्या काळात गायक-गीतकारांना बहुधा एकरकमी मानधन मिळे. पुढची विक्री कंपनीची. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. तो त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. गायकांनाही व्यावसायिक वापरातून वाटा मागता येतो आणि त्यासाठी २०१३ मध्ये गायकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. अर्थात शिंदे घराण्याची सर्वाधिक वाजणारी अनेक गाणी या दुरुस्तीच्या कितीतरी आधीची आहेत.

ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९७५ साली निघालेली एखादी रेकॉर्ड २०३५ अखेर मुक्त होईल; शब्द आणि चालीवरचा हक्क त्यानंतरही, कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत राहील. आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे वाजवले तर तो हक्कभंग ठरत नाही, आणि लग्नाची वरातही त्यातच धरली जाते. म्हणजे दिंडीचा टेम्पो, नवरात्रातला मांडव, गणपतीची आरास, वरात. शिंदे यांचा आवाज जिथे सर्वांत जास्त घुमतो, त्यातली बहुतेक ठिकाणे याच सवलतीत बसतात.