चकचकीत पत्रा आणि मोरांडीच्या बाटल्या

फोटोचे मग आणि बक्षिसाच्या ट्रॉफ्या ज्या तंत्रानं छापतात, त्याच तंत्रानं अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चित्र छापता येतं. आधी ते कागदावर उलटं, आरशातल्यासारखं छापतात. या अवस्थेत ते इतकं फिकं आणि मळकट दिसतं की गिऱ्हाइकाला दाखवण्याची सोय नसते. मग पत्र्यावरची संरक्षक फिल्म सोलायची, कागद त्यावर उपडा घालून उष्णता सोसणाऱ्या टेपनं पक्का करायचा आणि हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबायचा. शाईतला रंग वितळत नाही, त्याची थेट वाफ होते आणि ती पत्र्यावरच्या पॉलिमरच्या थरात शिरून बसते. कागद जरा सरकला तर चित्रातल्या सफरचंदाला दुहेरी कड येते आणि पत्रा वाया जातो. सगळं जमलं तर कागद उचलताच खोल, भडक रंग समोर येतात. या भडकपणाला भुलून चकचकीत पत्रा निवडला जातो. आधुनिक स्थिरचित्रासाठी ही निवड चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण चित्रकारांच्याच कामात सापडतं. पूर्वी तैलचित्रं वार्निशनं चमकवायची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक नव्या चित्रकारांनी ती नाकारली. पिसारोनं आपल्या एका चित्रामागे, याला वार्निश लावू नका, असं लिहून ठेवलं. ब्राकनं रंगात वाळू मिसळली, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत राहील आणि प्रकाश त्यावरून घसरणार नाही. इटलीतल्या बोलोन्याचा मोरांडी तर त्याही पुढे गेला. त्याच त्या बाटल्या आणि डबे तो आयुष्यभर मांडत राहिला, त्यांच्यावरची धूळ पुसू देत नसे आणि चमक नको म्हणून काही बाटल्यांना त्यानं चक्क मॅट रंग फासला होता. आता या माणसाचं चित्र चकचकीत पत्र्यावर छापून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या हॉलमध्ये, बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर लावलं तर काय होईल? दिवसा त्यात बाल्कनीचं ग्रिल दिसेल आणि संध्याकाळी एलईडीची पट्टी. जे परावर्तन टाळायला त्यानं बाटल्या रंगवल्या, तेच आपण पैसे मोजून परत आणतो. पांढऱ्याचंही तसंच. या तंत्रात पांढरी शाई नसते. पांढरा येतो तो पत्र्यावर आधीच दिलेल्या पांढऱ्या थराचा. ब्रश केलेला, पारदर्शक थराचा पत्रा घेतला तर पांढऱ्याच्या जागी उघडा धातू दिसतो. सेझाननं निळ्या-करड्या छटांनी घडवलेला टेबलावरचा शुभ्र कपडा त्यावर स्टीलच्या ताटासारखा दिसतो आणि फळांचं वजनच हरवतं.

यावर कोणी म्हणेल, रविवर्म्याच्या छापील चित्रांना तरी कुठे चमक नव्हती? १८९४ मध्ये गिरगावात सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्यानं लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या, आणि त्या चकाकल्या म्हणून कुणाची तक्रार नव्हती. आक्षेप वजनदार आहे, कारण नकलेची ही परंपरा आपल्याच भागातली आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. त्यांनी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं आणि तीनरंगी छपाई शिकायला ते जर्मनीला गेले. पण रविवर्म्याचं मूळ चित्र तैलरंगातलं, झळाळतं. साडीची जर आणि दागिन्यांची लकाकी हाच त्यातला विषय. तिथे चमक मुळाशी इमान राखते. मोरांडीच्या बाबतीत तीच चमक मुळाच्या विरोधात जाते. नक्कल वाईट असते असं मी म्हणत नाही. मुळातलं नेमकं काय राखायचं हे छापणाऱ्यानं ठरवलं पाहिजे, एवढाच मुद्दा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: मूळ चित्र कोण पाहायला जाणार, शोभेच्या वस्तूला इतकी चिकित्सा कशाला? शोभेचीच वस्तू हवी तर फुलांचं डिझाइन स्वस्तात मिळतं. मोरांडी निवडला तो त्याच्या करड्या-तपकिरी शांततेसाठी, मग तीच घालवून काय मिळवलं? इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्र काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं की अर्धा पेपर छायाप्रकाशाच्या पायऱ्या जुळवण्यात जातो. पत्र्याचे फायदे मात्र मला मान्य आहेत. पावसाळी ओलीनं कागदी चित्राला डाग पडतात, कसर लागते. पत्रा पुसून घेता येतो. (थेट उन्हात तोही फिकटतो, हे दुकानात क्वचितच सांगतात.) हे फायदे मॅट पत्र्यातही तसेच मिळतात. पांढऱ्या थराचा मॅट पत्रा मागावा, आधी हातभर तुकड्यावर नमुना काढून घरच्या दिव्याखाली पाहावा आणि आकार मुळाच्या आसपास ठेवावा. मोरांडीची बरीच चित्रं वहीच्या दोन पानांत मावतील एवढीच आहेत. सोफ्याच्या लांबीची केली की ती विरून जातात.

निवडीला कायद्याचीही चौकट आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क टिकतो. मोरांडी १९६४ मध्ये गेला, म्हणजे २०२५ पासून तो मोकळा. सेझान आणि मातिस त्याआधीच. पिकासोसाठी २०३३ संपेपर्यंत परवानगी लागेल. मुंबईचे चित्रकार के. एच. आरा १९८५ मध्ये वारले. त्यांच्या भरघोस फुलदाण्या मॅट पत्र्यावर फार शोभतील, पण २०४५ अखेरपर्यंत त्या छापायच्या तर हक्कदारांना विचारून, त्यांना मोबदला देऊनच.