पाणी सुटण्याची रात्र

"सुटलं का?"

"कशाचं! नुसती हवा येतीय."

रात्रीचे पावणेदोन झालेत आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली ही गल्ली टक्क जागी आहे. प्रत्येक फाटकाच्या आत एक खड्डा, खड्ड्यात नळाची तोटी, तोटीला लावलेली नळी. दाब इतका कमी असतो की जमिनीच्या वरच्या नळाला पाणी चढत नाही, म्हणून नळच खाली नेलेला. काकू पायरीवर बसून कान देऊन ऐकताहेत. आधी फुसफुस, मग खडखड. गेले आठ दिवस हा पाइप कोरडा होता.

आणि पाणी येतं. येतं ते गढूळ, जरा वासाचंही. काकू नळी गटारीकडे वळवतात आणि थांबतात. आठवडाभर वाट पाहिलेलं पाणी पहिली काही मिनिटं असं सोडून द्यावं लागतं. त्याला इलाज नाही. पाइप भरलेला असतो तोवर आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. रिकामा झाला की फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाइप सतत भरलेला ठेवणं आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देणं यांत नुसता सोयीचा फरक नाही, तो आरोग्याचा फरक आहे.

धार स्वच्छ होते तशी नळी हौदात जाते. आता घाई. मोठी सून मोटार लावते, वरची टाकी भरायला लागते. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून हंड्यात. मग न्हाणीतला ड्रम, मागच्या अंगणातला ड्रम, स्वयंपाकघरातली पातेली, शेवटी बादल्या. कोणी कुणाला काही सांगत नाही. क्रम ठरलेला आहे.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून आवाज येतो, "काकू, तुमची मोटार थेट लाइनवर आहे का? आमची धार बारीक झाली."

"नाही गं बाई, हौदातूनच ओढतीय. कोपऱ्यावर बघ कोणी लावलीय ते."

कोपऱ्यावर खरंच एक पंप घरघरतोय, थेट नळाला जोडलेला. गल्ली चढाची आहे, वरच्या टोकाच्या घरांना मुळातच कमी मिळतं. त्यात एकाने ओढलं की पुढच्या दोघांचं जातं.

मी मनातल्या मनात हिशेब करते. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. या घरात पाच माणसं. आठ दिवसांचे ५,४०० लिटर. इथला हौद २,००० लिटरचा, गच्चीवरची टाकी १,००० ची, दोन ड्रम मिळून ४०० चे. सगळं काठोकाठ भरलं तरी निकषाच्या दोन तृतीयांशही साठत नाही. उरलेलं कुठून येतं? कुठूनच नाही. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला, पाहुणे आले तर टँकर.

आणि हे नाथसागर भरलेला असताना! नाथसागर म्हणजे पैठणला गोदावरीवर असलेल्या एवढ्या मोठ्या धरणाचा जलाशय. पण शहर त्याच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचावर. प्रत्येक थेंब विजेच्या जोरावर वर चढवावा लागतो. चाळीस-पन्नास वर्षांत वसाहतींमागून वसाहती वाढल्या, पाणी आणणाऱ्या वाहिन्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. शहरापुढची खरी अडचण पाण्याच्या वाटेची आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुष्काळाचं नाव घेतलं की सगळे आभाळाकडे बघतात आणि जमिनीतल्या पाइपाकडे बघायचं राहून जातं.

मागच्या अंगणात सून बॅटरीचा उजेड ड्रममध्ये टाकते. तळाशी गेल्या वेळचं वीतभर पाणी उरलंय आणि त्यात अळ्या वळवळताहेत. डेंग्यू पसरवणारा डास असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्यसेविका सांगून जातात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा. सांगणं अगदी बरोबर आहे. पण ज्या घरात पुढचं पाणी आठ दिवसांनी, त्यांनी सातव्या दिवशी ड्रम ओतायचा कसा? सून क्षणभर घोटाळते. मग ड्रम आडवा करते, कडा काथ्याने खसाखसा घासते, आणि पुन्हा नळी लावते.

"झाकण घट्ट बसव," काकू आतून म्हणतात. "फडकं बांध वरून."

सव्वातीनला धार मंदावते. गल्लीभर एकच धांदल. कोणी शेवटची कळशी लावतं, कोणी नळी उचलून उरलेलं पाणी हौदात झटकतं. मग सगळ्या तोट्या एकदम कोरड्या.

वरच्या टोकाच्या घरातल्या ताई बादली घेऊन खाली आल्यात. त्यांचा हौद अर्धाही भरला नाही. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज चादरी धुवाव्या लागतात.

"बादलीनं काय होतंय," काकू म्हणतात. "पोराला हाक मार. लांब नळी आण, भिंतीवरून टाकू. मोटार अर्धा तास चालू दे आमची."

"तुम्हाला पुरंल का पण?"

"बघू. कपडे दोन दिवसांनी धुऊ."

सून नळीचं टोक मोटारीला बसवते आणि तारेने आवळते.