धूर नको, थांबा हवा!

वाफेचं इंजिन आपल्या पिढीत जवळजवळ कुणीच रोजच्या प्रवासात अनुभवलेलं नाही. तरी त्याचा फोटो दिसला की आपण लगेच ‘ऑss’ करतो. हा नेमका काय फंडा आहे? उत्तर शोधता शोधता मी पोचले नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्याला, माझ्या आजोळी!

एक प्रयोग करून बघा. घरातल्या पाच वर्षांच्या पिल्लाच्या हातात खडू द्या आणि सांगा, ‘आगगाडी काढ.’ या पिल्लाने मेट्रो पाहिलीय, लोकल पाहिलीय, वंदे भारतच्या खिडकीत बसून सेल्फीही दिलाय. पण कागदावर काय उमटेल? पुढे एक धुराडं, त्यातून निघणारे गोल गोल ढग आणि मागे चौकोनी डबे!

यात पिल्लाची काही चूक नाही. रस्त्यावरची, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगची पाटी आठवा. तिच्यावर आजही वाफेचंच इंजिन असतं. मोबाइलमधल्या इमोजीतही ते असतंच. आणि आपली मराठी? विजेवर धावणाऱ्या गाडीलासुद्धा आपण बिनधास्त ‘आगगाडी’ म्हणतो. मामाच्या गावाला नेणारं गदिमांचं गाणं तर प्रत्येक बालवाडीच्या गॅदरिंगला हजर!

गंमत म्हणजे मुंबई-पुण्याच्या लोकांनी या इंजिनासाठी हळवं व्हावं, असं फारसं कारणच नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन वाफेची इंजिनं होती, हे खरं. पण मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली 3 फेब्रुवारी 1925 ला. पुणेकरांची लाडकी दख्खनची राणी 1930 मध्ये सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. म्हणजे आपल्या लोकलवाल्या पणजोबांनीही ऑफिसला जाताना धूर खाल्ला असेलच असं नाही! मग आपल्याला आठवण येते ती नक्की कशाची?

इंजिन की माणूस?

पहिलं उत्तर सोपं आहे. वाफेचं इंजिन ‘जिवंत’ वाटतं. आणि त्यामागे साधं विज्ञान आहे. भट्टीत कोळसा जळतो, बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि काम झालं की धुराड्यातून बाहेर पडते. ते प्रत्येक बाहेर पडणं म्हणजे एक ‘झुक’. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला असे चार ठोके पडतात. गाडी सुटताना ते सुटे सुटे, वेग आला की एकात एक मिसळलेले. चढ लागला की जड, उतारावर हलके. म्हणजे गाडी न बघताही कळतं, तिला दम लागलाय की ती मजेत आहे! डिझेल आणि विजेच्या इंजिनात ताकद भरपूर, पण सगळी यंत्रणा पत्र्याच्या आत बंद. वाफेचं इंजिन मात्र आपले हातपाय उघडे ठेवून काम करतं.

पण बॉस, फोटोत जे दिसत नाही तेही ऐका. कोळशातली बहुतेक उष्णता वाया जायची. चांगल्या इंजिनातही तिचा दहावा हिस्सासुद्धा चाकापर्यंत पोचायचा नाही. इंजिन सुरू करायचं म्हणजे काही तास आधी भट्टी पेटवायची. ड्रायव्हरबरोबर फायरमन, आणि त्याच्या हातात फावडं. समोर धगधगती भट्टी, वर मे महिन्यातलं खान्देशचं ऊन... आपल्या एसी ऑफिसात बसून ‘सो रोमँटिक’ म्हणणं फार सोपं आहे.

स्टॉप : रनाळे

नंदुरबारहून भुसावळच्या दिशेने निघालात की चौपाळे, मग रनाळे. पुढे तिसी आणि दोंडाईचा. रेल्वेच्या कागदावर ‘रनाळा’, गावकऱ्यांच्या तोंडी ‘रनाळे’. सुरतेला जळगावशी जोडणारी ही तापी व्हॅली रेल्वे. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने ती उभारली आणि 1900 च्या सुमाराला ती धावू लागली. खान्देशचा कापूस तिने बाहेर नेला. पुढे तिने माणसंही नेली. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात आज फिरलात तर अहिराणी कानावर पडते, ती या रुळांवरून गेलेली आहे. गावात शेती, पोटासाठी सुरत आणि मध्ये ही गाडी, असा कितीतरी घरांचा हिशेब.

माझ्या आजीच्या घराचाही तोच. तिचे धाकटे दीर सुरतेला कापडाच्या कामाला होते. आजी लग्न होऊन रनाळ्यात आली तेव्हा गाडीला वाफेचं इंजिन होतं. म्हणून मी मुद्दाम तिच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, आता हिच्याकडून मस्त धुरकट, सेपिया रंगाच्या आठवणी मिळणार.

आजीने पहिल्याच वाक्यात हवा काढली. म्हणाली, डिझेलचं इंजिन आलं तेव्हा मला बरंच वाटलं, धुतलेलं लुगडं पांढरं राहायला लागलं! मग एकेक निघालं. खिडकीशी बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचाच. मग कुणीतरी पदराच्या टोकाने तो काढायचा, रडणाऱ्या पोराला मांडीवर दाबून धरून. सुरतेहून आलेला माणूस आधी विहिरीवर जायचा, मग घरात. नव्या कपड्यांत प्रवास करायची कुणाची टाप नव्हती.

‘मग तुला काहीच आठवत नाही का गं चांगलं?’ मी जरा हिरमुसूनच विचारलं.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग जे सांगायला लागली त्यात इंजिन जवळजवळ नव्हतंच. गाडी यायच्या बरीच आधी शेताच्या पलीकडे धूर दिसायचा. पोरं ओरडायची, ‘गाडी उनी, गाडी उनी!’ (आली रे आली!) धूर दिसला की तव्यावर शेवटची भाकरी टाकायची, फडक्यात बांधायची आणि स्टेशनकडे चालू लागायचं. एवढं करूनही गाडी मिळायची. आज आपण ‘व्हेअर इज माय ट्रेन’वर निळा ठिपका बघतो ना? तेच काम धूर करायचा. शिवाय रेंज कधी जायची नाही!

आणि गाडी आली की उभी राहायची. मार्ग एकेरी होता. समोरून दुसरी गाडी यायची असेल तर ती जाईपर्यंत ही इथेच. त्या वेळात काय नाही व्हायचं? दिरांना भाकरी-ठेचा पोचवायचा. सुरतेला जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात मिरच्यांचं गाठोडं द्यायचं आणि सांगायचं, उधन्याला अमुक माणूस उतरवून घेईल. डब्यातल्या बायका खिडकीतून विचारायच्या, यंदा पाऊस कसा आहे? आजीला तिच्या माहेरच्या खबरी अशाच कळल्या, कितीतरी वर्षं. एकदा तर तिच्या भावाला मुलगा झाल्याचं तिला खिडकीतल्या बाईकडून कळलं. पत्र आलं आठ दिवसांनी.

‘आता?’ मी विचारलं. ‘आता गाडी दिसते,’ आजी म्हणाली. ‘माणूस दिसत नाही.’

तहानलेली गाडी

परत येताना मी याच वाक्यावर अडकले होते. आणि मग टय़ूब पेटली! वाफेच्या इंजिनाला थांबावंच लागायचं. त्याला तहान लागायची. दर काही मैलांवर पाणी हवं, म्हणून रेल्वेने टाक्या बांधल्या आणि फलाटाच्या टोकाला सोंडेसारखे नळ उभे केले. मग कोळसा घ्यायचा, राख झाडायची. गाडीचा वेगही असा की छोट्या गावात थांबल्याने फार काही बिघडायचं नाही. त्यात एकेरी मार्ग असला की क्रॉसिंगसाठी थांबणं आलंच. इंजिनाची गरज आणि गावाची गरज अशी एकाच फलाटावर भेटायची. गावावर उपकार म्हणून कुणी गाडी थांबवत नव्हतं!

मग इंजिनं बदलली. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन 1970 मध्ये बाहेर पडलं, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची गाडी डिसेंबर 1995 मध्ये पंजाबात फिरोजपूर-जालंधर मार्गावर धावली. डिझेलला वाटेत पाणी लागत नाही, विजेच्या इंजिनाला तर काहीच भरावं लागत नाही. आणि 2018 मध्ये उधना ते जळगाव हा तीनशेहून जास्त किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला, विजेच्या तारांसह. क्रॉसिंगसाठी ताटकळणंही संपलं. हे सगळं चांगलंच झालं, यात वाद नाही. सुरतेला जाणारा माणूस लवकर पोचतो, धूर खात नाही. फक्त एक झालं. रनाळ्यासारख्या ठिकाणी थांबायचं एकही तांत्रिक कारण आता गाडीकडे उरलं नाही. आता ती थांबेल ती फक्त ‘तिथे माणसं आहेत’ म्हणून. आणि टाइमटेबल बनवताना हे कारण सगळ्यात कच्चं ठरतं.

माझं म्हणणं पटत नसेल तर विदर्भातली ‘शकुंतला’ बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज, किलिक निक्सनचीच. तिचं मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन एप्रिल 1994 पर्यंत राबलं. मग डिझेल आलं. इंजिन गेलं, पण गाडी धावत राहिली आणि कापूसवाल्या, मजुरी करणाऱ्या लोकांचं काम भागत राहिलं. पुढे गाडीच बंद पडली, तेव्हा मात्र माणसं रस्त्यावर आली. ‘शकुंतला वाचवा’ म्हणणाऱ्यांना धूर परत नको होता, कमी पैशांत तालुक्याला नेणारी गाडी हवी होती. आमच्या खान्देशातली पाचोरा-जामनेर, म्हणजे लाडकी ‘पीजे’, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. त्या नॅरोगेजवर ती पुन्हा सुटलीच नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज आणायचं ठरलं. मधल्या काळात त्या छोट्या थांब्यांवरच्या माणसांनी काय करायचं?

दहा रुपयांची गोष्ट

हे सगळं शहरात बसून आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. म्हणून एक आकडा सांगते. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्स्प्रेस’ अशी नावं लावून. कमीत कमी भाडं दहा रुपयांवरून तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर आलं फेब्रुवारी 2024 च्या शेवटी. वीस रुपयांचा फरक म्हणजे आपल्या कॉफीवरचा फेससुद्धा नाही. पण रोज बाजाराला भाजी नेणाऱ्या बाईला जाऊन-येऊन चाळीस रुपये, महिन्याला हजार. त्या काळात यावर किती जणांनी स्टेटस टाकलं? वाफेच्या इंजिनाच्या व्हिडिओला मात्र आपण बदाम देत होतो. मीही!

नॉस्टॅल्जियाला माझा अजिबात विरोध नाही. इंजिनं जपलीच पाहिजेत, त्यांची शिट्टी ऐकून अंगावर काटा आलाच पाहिजे. पण आपल्याला जे हवंहवंसं वाटतं, ते म्युझियममध्ये जपता येणारं नाही. आपल्याला हवी आहे आपल्यासाठी थांबणारी गाडी. आणि ती अजून शिल्लक आहे! पुढच्या सुट्टीत गावी जाताना एक टप्पा तरी पॅसेंजरने करा. त्या छोट्या स्टेशनचं तिकीट काढा. तिथे किती तिकिटं खपतात, हे कुठेतरी मोजलं जातं आणि थांबा ठेवायचा की नाही हे ठरवताना तो आकडा बघितला जातो. पाण्याची तहान संपली, आता या आकड्यावरच गाडी थांबणार आहे.

आजीने निघताना माझ्या बॅगेत मिरच्यांची पुडी कोंबली. मी ती स्वतःच पुण्याला घेऊन आले. खिडकीतून कुणाच्या हातात द्यावी, एवढा वेळ गाडी थांबलीच नाही.

वाफ अजून कुठे भेटेल?

निलगिरी : मेट्टुपालयम ते कुन्नूर हा दातेरी रुळांचा चढ वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध. 2005 पासून जागतिक वारसा.

दार्जिलिंग : 1999 पासून जागतिक वारसा. छोट्या निळ्या इंजिनाची जॉय राइड अगदी चुकवू नये अशी.

रेवाडी, हरियाणा : जुनं स्टीम शेड, आता हेरिटेज म्युझियम. सिनेमांत झळकलेलं ‘अकबर’ इथलंच.

नागपूर : मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम, 2002 मध्ये सुरू झालेलं. विदर्भाच्या छोट्या गाड्यांची गोष्ट इथे कळते.

नेरळ-माथेरान : 1907 ची गाडी आता वाफेवर चालत नाही, पण डोंगर तोच आणि वळणंही तीच. विकेंडला सोपं!