बालकांची आंतरजालावरील प्रतिमा : घडण, जोपासना आणि शिक्षकांची जबाबदारी

प्रस्तावना :

व्यक्तीविषयी समाजात जे मत रूढ होते त्यास लौकिक असे म्हटले जाते. पूर्वी हा लौकिक गाव, नातेसंबंध आणि शाळा यांच्या परिघात घडत असे आणि बालपणीच्या चुका काळाच्या ओघात विसरल्या जात. आंतरजालावर विस्मरणाची ही सोय उरलेली नाही. छायाचित्र, अभिप्राय किंवा चित्रफीत मूळ ठिकाणाहून काढून टाकली तरी तिच्या प्रती इतरांकडे राहू शकतात. कनिष्ठ महाविद्यालयात येणारा विद्यार्थी अशा नोंदींचा संचय सोबत घेऊनच येतो. हा संचय त्याच्या हिताचा कसा ठरेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिमा कोण घडविते?

बालकाच्या प्रतिमेचे तीन स्रोत आहेत : त्याने स्वतः प्रसिद्ध केलेला मजकूर, मित्रांनी त्याच्याशी जोडलेला मजकूर आणि पालक व शिक्षणसंस्था यांनी प्रसिद्ध केलेला मजकूर. यांपैकी तिसऱ्या स्रोताकडे सहसा दुर्लक्ष होते. वाढदिवसाची छायाचित्रे, शाळेचे नाव, परीक्षेतील गुण हे सर्व कौतुकापोटी प्रसिद्ध होते. परंतु त्यास बालकाची संमती क्वचितच घेतली जाते.

खाजगीपणाची मर्यादा :

२०१७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने किमान १० विद्यार्थ्यांना दिलेले प्रवेश रद्द केले. या विद्यार्थ्यांनी फेसबुकवरील एका खाजगी गटात आक्षेपार्ह चित्रे व विनोद प्रसारित केले होते. गट खाजगी असला तरी त्यातील मजकूर खाजगी राहीलच असे नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

कायद्याची भूमिका :

खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविणाऱ्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात बालकांचा विशेष विचार केला. अजाणतेपणी केलेल्या चुकांचे परिणाम मुलांना आयुष्यभर भोगावे लागू नयेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या विदेवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. अकरावी-बारावीचे बहुसंख्य विद्यार्थी या व्याख्येत येतात, याची नोंद प्राध्यापकांनी घेणे आवश्यक आहे.

सकारात्मक प्रतिमेची घडण :

केवळ निषेधाने चांगली प्रतिमा निर्माण होत नाही. त्यासाठी दाखविण्याजोगे कार्य असावे लागते. २००३ पासून कार्यरत असलेला मराठी विकिपीडिया हे याचे उत्तम उदाहरण होय. आपल्या तालुक्यातील किल्ला, नदी वा बोली यांविषयी विद्यार्थ्याने ससंदर्भ भर घातल्यास ते संपादन लेखाच्या इतिहासात सदस्यनामासह नोंदले जाते. येथे खरे नाव उघड करण्याची सक्ती नाही. त्यामुळे बालकाची ओळख सुरक्षित राहते, आणि पुढे आवश्यक वाटल्यास ते आपले कार्य दाखवूही शकते.

शिक्षकांसाठी काही सूचना :

१) छायाचित्र वा गुण प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी आणि विद्यार्थ्याचीही इच्छा विचारावी.

२) विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रात स्वतःच्या नावाचा शोध घेण्यास सांगावे व नको असलेला मजकूर काढण्यास साहाय्य करावे.

३) चूक घडल्यास वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कानउघाडणी करू नये, तीही एक कायमची नोंद ठरू शकते.

४) बदनामी वा धमकीच्या प्रसंगी पुरावा जतन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करण्यास, तसेच १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाचा आधार घेण्यास मार्गदर्शन करावे.

निष्कर्ष :

बालकाची प्रतिमा घडविणे म्हणजे त्याची जाहिरात करणे नव्हे. त्याच्या कार्याला वाव देणे, त्याच्या संमतीचा मान राखणे आणि चुकीनंतर सुधारण्याची संधी देणे, या तीन गोष्टींवर ती उभी राहते. चूक झाल्यावर विद्यार्थी ती लपविण्याऐवजी विश्वासाने शिक्षकाकडे आला, तर मजकूर पसरण्यापूर्वीच त्याला साहाय्य करता येते. असा विश्वास निर्माण करणे ही शिक्षकाची प्रथम जबाबदारी होय.