वजनाच्या ऑपरेशननंतर पुरुषाची बाप होण्याची शक्यता वाढते का?

लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेलं जातं. सातारा असो की सांगली, चित्र फारसं वेगळं नाही. खरं तर मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचंही काही कारण असतं आणि वाढलेलं वजन हे त्यातलंच एक आहे. म्हणूनच आता बरेच जण विचारतात, वजन कमी करायचं ऑपरेशन केलं तर प्रश्न सुटेल का?

थोडक्यात उत्तर असं: हार्मोन सुधारतात, लैंगिक क्षमता बऱ्याचदा सुधारते, पण शुक्राणू सुधारतीलच याची खात्री नाही.

वजनाचा आणि शुक्राणूंचा संबंध काय?

या भागात गावोगावी तालमी आहेत. तालीम सुटते, पण खुराक सुटत नाही आणि तिशीत पोट सुटतं. ही चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातलं अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूकडून वृषणांना मिळणारा संदेश मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन आणखी घटतं.

दुसरं कारण उष्णतेचं. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. मांड्या आणि ओटीपोटावर चरबी साठली की तिथली उष्णता वाढते. त्यात मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर भर पडते.

ऑपरेशनने काय बदलतं?

दोन प्रकार जास्त केले जातात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. वजन उतरू लागलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं, इस्ट्रोजेन कमी होतं आणि लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीही बऱ्याच जणांच्या कमी होतात. जगभरातल्या अभ्यासांत हे सातत्याने दिसलं आहे.

शुक्राणूंच्या बाबतीत मात्र निकाल संमिश्र आहेत. काहींची संख्या वाढते, काहींची तेवढीच राहते, काहींची घटते. २००५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी बायपासनंतर वीर्यात शुक्राणूच न सापडलेल्या पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना ऑपरेशनआधी मुलं झालेली होती. असं क्वचित घडतं, पण घडू शकतं.

असं का होतं?

पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरतं. खाणं कमी होतं आणि बायपासमध्ये अन्नातले घटकही कमी शोषले जातात. जस्त, फोलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व कमी पडलं की त्याचा फटका शुक्राणूंनाही बसू शकतो. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आजच्या उपासमारीचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसतो.

म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मध्येच बंद करू नयेत. जेवताना आधी अंडी, मासे, डाळ, मोडाची उसळ असं प्रथिनांचं खावं. बायपासनंतर कंदी पेढ्यांसारखं गोड जास्त खाल्लं तर घाम फुटणं, धडधडणं, चक्कर येणं असा त्रासही होऊ शकतो.

ऑपरेशनआधी काय करावं?

एक, वीर्य तपासणी. सोपी आणि तुलनेने स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलीलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही सामान्य पातळीची खालची मर्यादा आहे. अंडकोशातल्या शिरा फुगल्या असतील किंवा शुक्राणूंची नळी बंद असेल, तर ते दुखणं वजन उतरवून जात नाही. त्यावर वेगळा उपचार लागतो.

दोन, मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढे संख्या घटली तर ते कामी येतं.

तीन, वेळेचा हिशोब. वजन स्थिर होईपर्यंत थांबावं असं अनेक डॉक्टर सुचवतात, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. पण पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर हा काळ महाग पडू शकतो. निर्णय दोघांनी मिळून घ्यायला हवा.

चार, ताकदीसाठी जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात.

हे ऑपरेशन कोणासाठी?

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर ऑपरेशन सुचवता येतं, आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ आहे. विम्याचे निकष मात्र कडक आहेत: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ च्या पुढे आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार यांसारखं गंभीर दुखणं. मूल होत नाही हे कारण त्या यादीत नाही.

म्हणजे मधुमेह, रक्तदाब, झोप यांसाठी गरज असेल तर हे ऑपरेशन मोठा आधार ठरू शकतं. फक्त मूल हवं म्हणून ते करायचं असेल, तर आधी वीर्याचा रिपोर्ट हातात घ्या आणि मगच पुढचं ठरवा.