खाडीतला गळ आणि पंचांग

एका इंग्रजी पुस्तकात ‘ट्राउट’ नावाचा मासा गळाने कसा धरतात याचे वर्णन वाचून नववीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘‘सर, हा मासा आपल्या खाडीत मिळेल का?’’ मिळणार नाही. खरा ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्याचा रहिवासी. भारतात तो काश्मीर, निलगिरी अशा प्रदेशांत परदेशातून आणून सोडलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील खाऱ्या खाड्यांत ज्याला लोक ट्राउट म्हणतात तो तर ट्राउट नव्हेच. अंगावरील ठिपक्यांच्या साम्यामुळे त्याला ते नाव मिळाले. कुळाने तो आपल्या घोळीचा व दोडयाऱ्याचा भाऊबंद. परंतु भरती-ओहोटीच्या पाण्यात गळ टाकण्याची विद्या तिकडची आणि इकडची मुळात एकच आहे. आणि गोव्याच्या खाड्यांत त्या विद्येची खरी परीक्षा घेतो तो चोणक. यालाच रायगडकडे जिताडा व बंगालात भेटकी म्हणतात.

ही विद्या मी फार उशिरा शिकलो. शाळेला सुटी म्हणून दर रविवारी सायंकाळी पाच वाजता मी गावच्या बांधावर जाऊन बसत असे. एका रविवारी मासा लागे, पुढच्या रविवारी गळ कोरडाच परत येई. जागा तीच, आमिष तेच, वेळही तीच! मी हा दैवाचा खेळ समजत होतो. शेजारचे एक वृद्ध मासेमार काही दिवस हे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, ‘‘मास्तर, पयलीं उदक पळय, मागीर गरी उडय.’’ आधी पाणी पाहा, मग गळ टाक. आणि पाणी पाहायचे म्हणजे काय, तर घरी भिंतीवर टांगलेले पंचांग पाहायचे, हे त्यांनी मला समजावून दिले.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते, हे भूगोलात आपण शिकतोच. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीपर्यंत चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठण्यास पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून आजची भरती उद्या तेवढीच उशिरा येते. जुन्या लोकांनी याचा सोपा हिशेब बसविला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर व अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. हिशेब ढोबळ खरा. नदीच्या मुखाशी भरती आधी लागते आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती उशिरा पोहोचते. तेव्हा प्रत्येकाने आपल्या गावच्या पाण्याचा फरक एकदा स्वतः पाहून ठेवावा.

आता माझ्या रविवारांचे कोडे सोडवून पाहा. तृतीयेच्या रविवारी भरती सव्वादोनच्या सुमारास. म्हणजे पाच वाजता ओहोटीला चांगलाच ओढ असतो. सात दिवसांत भरती जवळजवळ सहा तासांनी मागे पडते. पुढच्या रविवारी दशमी. भरती साडेसातला, म्हणून पाच वाजता पाणी चढतच असते. त्यातून अष्टमीच्या आसपास भांग असल्याने त्याला जोरही बेताचा. घड्याळ पाच दाखवीत होते. खाडीचे घड्याळ निराळेच होते!

पण ओहोटीच का हवी? याचे उत्तर आमच्या खाजणांत आहे. खाडीकाठची सखल शेते बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असतात, आणि त्या बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दारांचे द्वार असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने ही दारे आपोआप मिटतात. बाहेरचे पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेले, की आतल्या दाबाने आपोआप उघडतात. माणसाचा हात लागावा लागत नाही. दारे उघडताच आतले पाणी धारेने बाहेर पडते आणि त्याबरोबर सुंगटे, बारीक मासळी बाहेर लोटली जाते. चोणक हे जाणतो. तो धारेत पोहत शक्ती खर्च करीत नाही. धारेच्या कडेला, जेथे पाणी मंदावते तेथे, एखाद्या खांबाच्या किंवा खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून तो स्थिर राहतो. भक्ष्य जवळ येताच मोठा जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो.

म्हणून गळ धारेच्या मध्यावर टाकू नये. वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर कडेकडेने वाहू द्यावा. जिवंत सुंगट शेपटीपाशी ओवावे, म्हणजे ते हालत राहते. शिसे जेमतेम लावावे. झटका बसला की घाई नको. तंगूस ताठ ठेवावा, कारण चोणक उसळी मारून मान झटकतो आणि सैल दोऱ्यावर गळ निसटतो. मासा काठावर आल्यावर त्याच्या कल्ल्यांपाशी बोट घालू नका! त्यांच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. माझ्या अंगठ्यावर तिची खूण आहे.

मानस उघडत असताना दारांच्या अगदी जवळ उभे राहू नये, तेथील ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पुरून उरते. मांडवी व झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या काठी तर पाण्यात पायही घालू नये. तेथे मगरी आहेत. बोरी, दुर्भाट या बाजूचे लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, ते उगीच नव्हे.

चोणकाची आणखी एक गोष्ट मला आश्चर्याची वाटते. तो जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे बाजारात ज्या प्रचंड चोणकाभोवती गर्दी जमते ती बहुधा मादी. पावसाळ्यात खाडीच्या मुखाकडे जाऊन लक्षावधी अंडी घालणारी. तिची पिले मग खारफुटीत व खाजणांत येऊन वाढतात. वीतभर पिलू गळाला लागले तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडा. त्याने अजून एकदाही वंश वाढविलेला नसतो.

आमच्या बांधावरील मानशीचे एक दार दोन पावसाळ्यांपूर्वी मोडले. दुरुस्ती कोणी करावी याचा वाद अद्याप मिटलेला नाही. आता भरती खुशाल आत शिरते आणि ओहोटीला पाणी रुंद तोंडातून संथपणे ओसरते. धार अशी उरलेलीच नाही. आतल्या शेतात मिठाने भात करपले. तृतीयेचा रविवार आला, की मी अजूनही गळ घेऊन पाच वाजता तेथे जातो. चोणक आता तेथे येत नाही.